मालतीची एकवीस दिवसांची रजा

रोज सकाळी सव्वासात वाजता आमच्या भिंतीपलीकडे हजेरी सुरू होते.

"शकुंतला!"

मूठभर कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, फरशीवर पडल्याचा आवाज येतो.

"हजर. पुष्पा! हजर. दुलारी! हजर. मिसेस तिवारी! मिसेस तिवारी, तुमाले काय वेगळं बोलावणं पाठवू?"

एकदा पुण्याचे आमचे साडू मुक्कामाला होते. दात घासता घासता त्यांनी मला हळूच विचारलं, "शेजारी लेडीज हॉस्टेल आहे का हो?" मी त्यांना स्टुलावर चढवून भिंतीपलीकडे बघायला लावलं. तिकडे सात काळ्याकुट्ट कोंबड्या रांगेनं टिपत होत्या आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर, हातात लाल पेन आणि मांडीवर जाडजूड रजिस्टर घेऊन कुसुमताई ढोमणे बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि साडूंना म्हणाल्या, "पाहुणे, भेटीची वेळ साडेपाचची आहे." साडू तोंडातल्या फेसासकट खाली उतरले.

रायपुरात मोहल्ल्याला पारा म्हणतात, आणि कुसुमताई म्हणजे आमच्या तात्यापाऱ्यातलं एक चालतं-बोलतं सरकारी कार्यालय. एका खात्याच्या आस्थापना शाखेत त्यांनी चौतीस वर्षं काढली. कोण कधी नोकरीला लागला, कोणाची बदली झाली, कोणाची किती रजा उरली, हे सगळं ज्या सर्विस बुकात लिहितात ती चारशे माणसांची सर्विस बुकं ताईंच्या कपाटात असत. शेवटची काही वर्षं ऑफिस शहराबाहेर नवा रायपूरला गेलं तेव्हा ताई बसनं जात. बस तिकडे कमीच. पण ताई कधी उशिरा पोचल्या नाहीत, आणि उशिरा पोचलेल्या कुणाला त्यांनी सोडलं नाही. स्वतः त्यांनी चौतीस वर्षांत एकही रजा घेतली नाही. "वडील गेले तेव्हा?" मी एकदा विचारलं. "इतवार होता," त्या म्हणाल्या.

लग्न केलं नाही. त्याबद्दल विचारलं की म्हणायच्या, "अर्ज आले होते. अपूर्ण होते."

निवृत्त झाल्यावर अशा बाईचं काय होणार, याची आमच्या पाऱ्यात सगळ्यांनाच काळजी होती. म्हणजे तिची नव्हे, आमची. चार दिवस त्यांनी गल्लीतल्या पाण्याच्या टँकरला शिस्त लावायचा प्रयत्न केला. पाचव्या दिवशी टँकरवाल्यानं रस्ता बदलला. त्यानंतर ताई नवा रायपूरच्या पलीकडल्या एका गावातून कडकनाथची पिलं घेऊन आल्या आणि पारा सुटला.

ज्यांनी ही जात पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कडकनाथ आपल्या इकडचीच, जुन्या वाणाची कोंबडी. पिसं काळी, पाय काळे, तुरा काळा, चोच उघडली तर जीभसुद्धा काळी. त्यामुळे शकुंतला कोण आणि मिसेस तिवारी कोण, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ताईंनी प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाचं प्लास्टिकचं कडं घातलं आहे. त्याला त्या आयकार्ड म्हणतात. अंडं मात्र काळं नसतं, साधं फिक्या बदामी रंगाचं असतं. पण लोकांना ते पटत नाही. आठवड्यातून एकदा तरी कोणी गेटवर येऊन म्हणतो, "दीदी, काला अंडा मिलेगा क्या? शुगर के लिए चाहिए था." ताई त्याला चष्म्यावरून बघतात. "मुर्गी काली है भैया, काम उसका साफ है."

ते रजिस्टर मी पाहिलं आहे. प्रत्येक कोंबडीची चार पानं. जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख (म्हणजे पहिलं अंडं), मग रजेचा प्रकार, दिवस, शिल्लक, शेरा. ज्या दिवशी अंडं नाही तो दिवस किरकोळ रजा. पिसं गळायला लागली की वैद्यकीय. सगळं मराठीत. "चौतीस वर्षं हिंदीत लिहिलं," ताई म्हणाल्या, "आता घरचं ऑफिस आहे." शकुंतलेनं दीड वर्षापूर्वीच अंडी बंद केली. दुसऱ्या कोणी तिचा रस्सा केला असता. ताईंनी तिच्या पानावर 'निवृत्त' असं लिहून खाली सही केली, पण हजेरीत तिचं नाव अजून पहिलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "पेन्शनरले दरसाल जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागते ना? हे बाई रोज देते."

सकाळी आठला ताई एक उकडलेलं अंडं मीठ-मिरपूड लावून खात आणि ज्या कोंबडीचं ते असेल तिला नाव घेऊन सांगत, "पुष्पा, चांगलं होतं बरं." उरलेली अंडी पाऱ्यात वाटत. आमच्याकडे बुधवारी आणि शनिवारी दोन-दोन यायची. एकदा माझ्या बायकोनं भिंतीवरून जादा चार मागितली, तर उत्तर आलं, "अर्ज लिहून दे." तिनं गमतीनं लिहिला. तो परत आला. तारीख नव्हती.

मला मात्र ताईंकडे रोज संध्याकाळी प्रवेश होता. साडेपाच वाजता गेलं की त्या मनगटावरचं पुरुषी घड्याळ बघून म्हणत, "ये अनंता. दहा मिनिटं मंजूर." अकराव्या मिनिटाला त्या उठून उभ्या राहत. पावसात अडकलो तरी व्हरांड्यात थांबायचं, खुर्चीत नाही.

कोंबड्यांची नावं ऑफिसमधल्या बायकांची आहेत, हे मला माहीत होतं. मला वाटायचं, ताई चौतीस वर्षांचा सूड उगवतायत. मिसेस तिवारी नावाच्या कोणा बाईला कल्पनाही नसेल की तात्यापाऱ्यात तिला रोज सकाळी उशिराबद्दल झापलं जातं. मी यावरून ताईंना चिडवायचो. त्या हसायच्या नाहीत, पण चिडायच्याही नाहीत. "तुझी दहा मिनिटं झाली," म्हणायच्या.

आणि मग या फेब्रुवारीत मालती खुडूक बसली.

कोंबडीला पिलं काढायची इच्छा झाली की ती एका जागी ठाण मांडते, अंडी द्यायची थांबते, खाणंपिणं सोडते, जवळ गेलं की पिसं फुगवून चावायला येते. ती खुडूक. कडकनाथ सहसा या भानगडीत पडत नाही. तिची अंडी गावठी कोंबडीखाली उबवतात. पण पिवळ्या कड्याच्या मालतीनं ठरवलं ते ठरवलं. ती खोक्यातल्या भुशावर बसली, आणि बसूनच राहिली.

खाली अंडी होती, पण त्यांतून पिलं निघणारी नव्हती. पूर्वी ताईंकडे एक कोंबडा होता. तो पहाटेआधीच बांग द्यायचा. "वेळेआधी ड्यूटीवर येणंही नियमात बसत नाही," म्हणून ताईंनी त्याची मूळ गावी बदली केली होती. तेव्हापासून बायकांचंच सेक्शन. म्हणजे मालती रिकाम्या आशेवर बसली होती.

ताईंकडे कामाला येणारी रामबाई छत्तीसगढी, कोंबड्यांत वाढलेली. तिनं उपाय सांगितला. "पानी मा डुबा दे दीदी, दू दिन मा ठीक हो जाही." थंड पाण्याच्या बादलीत दोन बुचकळ्या दिल्या की कोंबडीचं डोकं ठिकाणावर येतं. सगळीकडे हेच करतात.

ताई केवढ्यांदा ओरडल्या! भिंतीअलीकडे माझ्या हातातला चहा सांडला.

"खबरदार! तिले कोणी हात लावायचा नाही!"

चार दिवसांत मालतीचं वजन उतरलं. तुरा लोंबायला लागला. समोर ठेवलेल्या वाटीतली कनकी तशीच. रामबाई म्हणाली, अशी बसून बसून मरतेसुद्धा एखादी. त्या संध्याकाळी साडेपाचला मी गेलो, तर ताईंनी घड्याळ बघितलं नाही. त्या खोक्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून देवासमोरसुद्धा खुर्ची घेणारी ही बाई.

"अनंता, उद्या तुझी स्कूटर पाहिजे. कोंबड्याच्या गावाला जाऊ. तिथल्या अंड्यांतून पिलं निघतात."

"अर्ज?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच म्हणालो, "हजेरी झाली की निघू."

त्या प्रवासाचं मी काय सांगू. नवा रायपूरचे ते भले रुंद, मोकळे रस्ते. आम्ही परतताना त्या रस्त्यांवरून ताशी पंधराच्या वेगानं चाललोय. मागे कुसुमताई, त्यांच्या मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात कोंडा, कोंड्यात सात अंडी. "हळू. गतिरोधक आहे. अनंता, हळू!" एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. जाताना त्यानं वळून बघितलं आणि काळजीनं विचारलं, "भैया, गाड़ी खराब है क्या?"

दिवस मावळताना ताईंनी जुनी अंडी काढून ही सात मालतीखाली सरकवली. मालतीनं एकदा चोच मारली, मग पोटानं एकेक आत ओढून घेतलं. ताईंनी हातावरचं रक्त पुसलं आणि रजिस्टर मागितलं. मीच आणून दिलं, म्हणून मला ती नोंद दिसली.

'मालती. अर्जित रजा. दिवस एकवीस. मंजूर.' आणि पुढे शिल्लकच्या रकान्यात आकडा नव्हता. तिथं नुसतं 'आहे' लिहिलं होतं. खाली दोन रेघा.

"ताई, शिल्लक किती ते लिहिलं नाही."

"तुझी दहा मिनिटं कधीच झाली," त्या म्हणाल्या.

पुढचे तीन आठवडे ताईंनी त्या खोक्यापलीकडे काही पाहिलं नाही. दिवसातून एकदा मालती उठायची, घाईनं चार दाणे टिपायची, पाणी प्यायची. तेवढा वेळ ताई अंड्यांवर हात धरून बसायच्या. हजेरी चालू होती, पण मिसेस तिवारीला कोणी रागावत नव्हतं. मला वाटलं, एकटी बाई आहे, जीव लागला असेल.

एकविसावा दिवस उजाडला आणि मावळला. काही झालं नाही. अंडी स्कूटरवर हलली असतील, असं मला वाटलं आणि मी गुन्हेगारासारखा उभा राहिलो. रामबाई म्हणाली, "अब नइ होवय दीदी. निकाल दे." ताईंनी रजिस्टर उघडलं. आता त्या काय लिहिणार ते मला ठाऊक होतं. चौतीस वर्षांत या बाईनं कुणाची रजा एका दिवसानं वाढवली नव्हती. 'नियमात बसत नाही' हे वाक्य त्या झोपेतही म्हणत असतील.

त्यांनी लिहिलं, 'मुदतवाढ. ती परत येईपर्यंत.'

बाविसाव्या दिवशी दुपारी खोक्यातून चिवचिव ऐकू आली. सातांतली चार निघाली. कोळशाची भुकटी ओतावी तशी, ओली, डळमळती. मी टाळ्या वाजवल्या. रामबाईनं ओवाळून मिरच्या टाकल्या. ताई मात्र पदर तोंडाला लावून रडत होत्या, आणि ते रडणं आनंदाचं नव्हतं. एवढं मलाही कळलं.

रामबाई गेल्यावर त्या बोलल्या.

"तू चिडवते मले नावांवरून. ह्या सातही जणींची रजा मी नाकारली होती, अनंता. कोणाचं लग्न होतं, कोणाचं पोरगं आजारी होतं. सहा जणींची नियमानं नाकारली. एकीची चुकून."

मालती ऑफिसात चपराशी होती. भंडाऱ्याकडची, आपल्यासारखी मराठी. नवरा उरला या कारखान्यांच्या भागात रोलिंग मिलमध्ये. तुमसरजवळच्या गावी तिची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिनं एकवीस दिवसांची रजा मागितली. ताईंनी सर्विस बुक काढलं, शिल्लक बघितली. सहा. सहाच मंजूर केली. बिनपगारी घ्यायची मालतीची ऐपत नव्हती. ती सहा दिवस राहिली आणि सातव्या दिवशी वेळेवर येऊन टेबलं पुसायला लागली. त्यानंतर चार दिवसांनी आई गेली.

"ती निवृत्त झाली तेव्हा तिचं बुक मी बंद करायले घेतलं," ताई म्हणाल्या. "दर जुलैत रजेचे पंधरा दिवस खात्यात जमा होते ना, ते मी पुढच्या पानावर ओढलेच नव्हते. सहा आणि पंधरा किती होते?"

मी मनातल्या मनात बेरीज केली. एकवीस.

"सगळ्यांले सांगत फिरली मी, माझ्या हातून नोंद चुकत नाही. निरोपाच्या दिवशी मीच तिले शाल-नारळ दिला. तोंड उघडलं नाही माझं."

मी म्हटलं, "ताई, जाऊ या का तिच्याकडे?"

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मग दीड महिना त्या रोज काहीतरी कारण काढत राहिल्या. पिलं लहान आहेत. ऊन वाढलं आहे. मालती ओळख देणार नाही. एका सोमवारी सकाळी हजेरी झाल्यावर मात्र बुटांच्या खोक्याला भोकं पाडून, त्यात दोन पिलं घेऊन त्या माझ्या दाराशी उभ्या होत्या. काखेत रजिस्टर.

उरल्याजवळच्या बीरगावला मालतीचं घर शोधायला तासभर लागला. धूळ, ट्रक आणि एकसारख्या दिसणाऱ्या गल्ल्या. एका दारात एक जाडजूड बाई तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं, आणि सूप बाजूला ठेवून ताडकन उठून उभी राहिली, जशी ऑफिसात उभी राहत असेल.

"अवं माय! ताई, तुमी?"

"बसा, मालतीबाई," ताई म्हणाल्या. आयुष्यभर तिला नुसतं मालती म्हणणाऱ्या ताई. स्वतः उभ्याच राहिल्या, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. जुलैचे पंधरा दिवस, राहून गेलेली नोंद, सगळं. "चूक माझी होती. तुमची रजा शिल्लक होती."

मालतीनं पदराला हात पुसले.

"मले मालूम व्हतं, ताई."

"काय?"

"क्यालेंडरावर मोजून ठेवली व्हती मी माही रजा. दोन बार मोजली. दोन्ही बार एकवीसच आली."

"मग बोलली काहून नाही?"

"तुमी म्हणत व्हत्या ना, तुमच्या हातून नोंद चुकत नाही म्हून. मले वाटलं, माहंच गणित चुकलं असन."

ताई खाली बसल्या. पायरीवरच, तांदळाच्या सुपाशेजारी. मी आपला खोक्याच्या भोकांकडे बघत होतो.

"माय तर गेलीच असती," मालती शेवटी म्हणाली. "पन हात धरून बसली असती मी." तिनं नाक पुसलं. ताईंना बरं वाटावं म्हणून ती काही खोटं बोलली नाही, आणि ताईंनीही तशी अपेक्षा केली नव्हती. मग खोक्यातून चिवचिव झाली तशी तिनं झाकण उघडलं. "कसे काळे हाय वं हे! यायची माय कोणती?"

चारशे माणसांची नावं पाठ असणारी बाई अडखळली. "तिचं नाव... मालती."

मालती आधी बघतच राहिली. मग हसायला लागली ती पदर तोंडात कोंबून, अंग गदगदा हलवून हसली. "कोंबडी! कोंबडीले माहं नाव!" हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते नक्की कशाचं होतं हे मी सांगू शकत नाही. "बसा ताई. च्या मांडतो."

मी सवयीनं घड्याळ बघितलं. "ताई, दहा मिनिटं कधीच होऊन गेली."

"तू जा अनंता," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. त्यांनी सूप मांडीवर ओढून घेतलं होतं आणि त्या खडे वेचायला लागल्या होत्या. "रजिस्टर घेऊन जा. संध्याकाळी कोंडतानाची हजेरी तू घे. मले हिचा पोट्टा घरी सोडून देईन."

संध्याकाळी मी ताईंच्या खुर्चीत बसून हजेरी घेतली. शकुंतला हजर. पुष्पा हजर. मिसेस तिवारी उशिरा आल्या, मी काही बोललो नाही. मालती दोन पिलांना पंखाखाली घेऊन बसली होती. सगळ्यांना कोंडून झाल्यावर काय वाटलं कोण जाणे, शेवटच्या कोऱ्या पानावर मी लिहिलं, 'कुसुमताई ढोमणे. रजा. दिवस एक. मंजूर.' मग घाबरलो, पण ते शाईचं होतं, पुसता येईना.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला भिंतीपलीकडून हजेरी ऐकू आली आणि पाठोपाठ माझं नाव. मी गेलो. ताईंनी रजिस्टर पुढे केलं. माझ्या नोंदीतला 'एक' त्यांनी लाल पेननं खोडून 'अर्धा' केला होता, कारण आदल्या दिवशी सकाळची हजेरी त्यांनी स्वतःच घेतली होती. खाली सही केली होती. आणि मी रिकाम्या सोडलेल्या शिल्लकच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आहे'.